गावाचा शब्द, सरकारचा कागद

१९८९ च्या जूनमध्ये मी गडचिरोली जिल्ह्यात तलाठी म्हणून रुजू झालो. साझ्यात सात गावे, त्यातल्या चार गावांना रस्ताच नाही. पहिल्याच आठवड्यात कोतवालाला सोबत घेऊन एका गावी चालत गेलो. नाला ओलांडून वर आलो, तर एकाही अंगणात माणूस नाही. चूल पेटलेली, कोंबड्या फिरताहेत, ओसरीवर बांबूची टोपली अर्धी विणून टाकलेली. सगळे मागच्या वाटेने जंगलात निघून गेले होते. कोतवाल म्हणाला, "साहेब, पँट दिसली की जातात."

सरकारी माणूस दंड करायला येतो, कोंबडी न्यायला येतो, नाहीतर कुणाला तरी धरून न्यायला येतो, एवढाच त्या गावाचा अनुभव होता. आमच्याकडे जुनी माणसे तलाठ्याला अजूनही पटवारी म्हणतात. मी त्या गावाने पाहिलेला पहिला पटवारी नव्हतो, पण त्यांच्या जमिनीवर पाय ठेवलेला पहिला होतो, असे मला पुढे कळले.

ही गोष्ट आज सांगण्याचे कारण आहे. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव उर्फ भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. त्याची पत्नी तारक्का त्याच वर्षी १ जानेवारीला शरण आली होती. तेव्हापासून पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोनवर मला एकच विचारतात, "म्हणजे आता संपलं ना सगळं?" बंदूक खाली ठेवायला एक सकाळ पुरते. गावाने सरकारवर भरवसा ठेवायला किती काळ लागतो, हे मी चौतीस वर्षे पाहिले आहे, आणि तो भरवसा कशाने बसतो हेही थोडेसे पाहिले आहे. तेवढेच इथे लिहितो.

दोन्हीकडची भीती

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. सुमारे १४,४०० चौरस किलोमीटरचा विस्तार, त्यातला दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगल, आणि २०११ च्या जनगणनेनुसार माणसे पावणेअकरा लाखांच्या आसपास. जिल्हा जन्मला त्याच सुमारास गोदावरी-प्राणहितेपलीकडच्या आंध्रातून नक्षलवाद्यांची पथके इकडे येऊ लागली होती. लोक त्यांना 'दादालोक' म्हणत.

त्यांना इथे जागा का मिळाली, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. तेंदूपाने तोडणाऱ्याला ठेकेदार देईल ती मजुरी घ्यावी लागे. घरासाठी दोन बल्ल्या आणल्या तर गुन्हा होई, आणि त्याच जंगलातला बांबू कागद कारखान्याकडे ट्रकांनी जाई. वडिलांनी, आजोबांनी कसलेली जमीन सरकारी दप्तरात 'जबरानजोत' म्हणजे अतिक्रमण ठरलेली. दादालोकांनी ठेकेदारांना धमकावून तेंदूची मजुरी वाढवून दिली. जे काम कायद्याने करायचे, ते बंदुकीने केले. सरकारने न केलेल्या कामाची भरपाई अशी झाली, आणि तिची किंमत गावांनी पुढे चाळीस वर्षे मोजली.

पोलिसांचा खबऱ्या ठरवून शेकडो आदिवासींना मारण्यात आले. दादालोकांना जेवण दिले म्हणून पोलिसांनी उचललेले कित्येक तरुण वर्षानुवर्षे तुरुंगात राहून निर्दोष सुटले. २००९ या एका वर्षात मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी या तीन ठिकाणच्या हल्ल्यांत मिळून ४८ पोलिस मारले गेले. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात १५ पोलिस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. त्या पोलिसांतलेही अनेक याच जिल्ह्यातले, याच गावांतले होते. अशा गावात रात्री दार वाजले तर उघडणारा माणूस फक्त एवढेच पाहायचा, की आज कुणाला जेवू घालायचे आहे आणि उद्या त्याची सफाई कुणाला द्यायची आहे.

माझी चूक

१९९७ च्या पावसाळ्यात माझ्या नावाची एक चिठ्ठी आली. दोन गावांत पाऊल ठेवू नये, असे तिच्यात लिहिले होते. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची. मी गेलो नाही. पुढची दोन वर्षे त्या गावांची पीकपाहणी मी तालुक्याच्या ठिकाणी खोलीत बसून लिहिली. मागच्या वर्षीच्या नोंदी पाहायच्या, थोडा फेरफार करायचा, सही करायची. धान, धान, पड, धान.

दुसऱ्या वर्षी नाल्याचा पूर शेतांत शिरला. नुकसानीच्या याद्या माझ्याच नोंदींवरून तयार झाल्या. तीन घरांच्या जमिनीपुढे मी 'पड' लिहिले होते. त्यांनी त्या वर्षी धान लावले होते, आणि ते सगळे वाहून गेले होते. त्यांना एक रुपया मिळाला नाही. माझा जीव धोक्यात होता हे खरे, पण न पाहिलेल्या शेतावर पाहिल्याची सही करणे ही माझी चूक होती, आणि ती मी आजही तशीच मानतो.

माझ्या मनात राहिली ती मात्र दुसरीच गोष्ट. त्या तिन्ही घरांतल्या कुणीही तक्रार केली नाही. मी वर्षभराने गेलो तेव्हा त्यातल्या एकाने मला पाणी दिले, बसायला खाट टाकली, आणि त्या विषयावर एक शब्द काढला नाही. मी आतून हललो. भांडायला येणाऱ्या माणसाला निदान वाटत असते की समोरचा ऐकेल. तक्रार करायलासुद्धा सरकारवर थोडा भरवसा लागतो. त्या गावात तेवढाही उरला नव्हता. शांतता दिसली की अधिकाऱ्यांना वाटते, सगळे ठीक आहे. मी तेव्हापासून शांत गावाला घाबरायला शिकलो.

दंडाची पावती

२००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला आणि ३१ डिसेंबर २००७ पासून तो लागू झाला. जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला आहे, हे त्या कायद्याच्या प्रास्ताविकातच लिहिले आहे. सरकारने आपली चूक आपल्याच कायद्यात लिहून ठेवावी, असे माझ्या नोकरीत मी पहिल्यांदाच वाचले.

आदिवासी कुटुंबाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसलेली वनजमीन, चार हेक्टरच्या मर्यादेत, त्याच्या नावे करायची. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने. दावा पहिल्यांदा तपासायचा तो गावाच्या ग्रामसभेने आणि तिने निवडलेल्या वनहक्क समितीने. मग उपविभाग, मग जिल्हा. आणि पुराव्यांच्या यादीत एक नोंद अशी होती, की गावातल्या वृद्ध माणसाने सांगितलेले लिहून घेतले तर तेही पुरावा म्हणून धरायचे.

शहरात बसलेल्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण आमच्या दप्तरात तोवर गावकऱ्याचा शब्द कधी पुरावा नव्हता. सातबारा पुरावा, नकाशा पुरावा, वनरक्षकाचा पंचनामा पुरावा. गावाने फक्त अंगठा द्यायचा. आता जमीन मोजायच्या दिवशी सत्तर वर्षांचा भूमिया, गावचा मानकरी, उभा राहून सांगत होता, "या मोहाच्या झाडापासून त्या दगडापर्यंत हिच्या सासऱ्याने जंगल तोडलं. मी तेव्हा गुरं राखत होतो." आणि मी, पटवारी, खाली बसून ते लिहून घेत होतो.

त्याच मोजणीच्या दिवशी एका विधवा बाईने ट्रंकेतून प्लास्टिकची पिशवी काढली. पिशवीत एक कागद, घडीवर फाटलेला. १९९४ साली एका वनरक्षकाने तिच्या नवऱ्याला अतिक्रमणाबद्दल पन्नास रुपये दंड केला होता, त्याची पावती. पैसे भरायला त्यांनी बकरी विकली होती. तिने ती पावती का जपली, तिलाच ठाऊक नव्हते. सरकारी कागद आहे, फेकू नये, एवढेच. आता तीच पावती तिचा सगळ्यात भक्कम पुरावा ठरली. १९९४ साली दंड झाला, म्हणजे १९९४ साली ती जमीन त्यांच्या ताब्यात होती. ज्या कागदाने तिला गुन्हेगार ठरवले, त्याच कागदाने तिला मालकीण केले.

तिचा पट्टा यायला तीन वर्षे लागली, आणि आला तेव्हा क्षेत्र निम्मे. तिने अपील केले. मी सांगितले म्हणून नाही. तिच्या ग्रामसभेने ठराव करून पाठवले. मागे पूर सोसून गप्प राहिलेली ती तीन घरे मला त्या दिवशी आठवली. त्याच साझ्यातले एक गाव आता सरकारशी भांडत होते, आणि मला फार बरे वाटले.

मेंढ्याचे परवान्यांचे पुस्तक

धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या छोट्या गावाचे नाव अनेक वाचकांनी ऐकले असेल. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. देवाजी तोफा आणि त्यांचे गावकरी, सोबतीला मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे कार्यकर्ते. गावाचे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. शेजारच्या मर्दा गावासोबत ते असा हक्क मिळवणारे देशातल्या पहिल्या गावांपैकी ठरले.

हक्काचा कागद मिळाला, पण बांबू विकायला निघाल्यावर अडले. बांबू जंगलाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि परवान्याचे पुस्तक वन विभागाच्या हाती. विभागाचे म्हणणे असे, की १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू हे झाड आहे. गावाचे म्हणणे असे, की वनहक्क कायद्यात बांबू हे गौण वनउपज आहे आणि ते आमचे आहे. म्हणजे जंगल तुमचे, पण त्यातली काठी नेताना विचारा.

हा वाद २७ एप्रिल २०११ रोजी मेंढ्यातच मिटला. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये नियमच बदलले आणि परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला. २०१७ मध्ये वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला.

एका पुस्तकाची किंमत मला विचाराल तर सांगतो. रस्ता, शाळा, दवाखाना यांत सरकार गावाला काहीतरी देते. परवान्याच्या पुस्तकात सरकार गावाला म्हणते, तुमच्या सहीवर आम्ही विश्वास ठेवतो. नाक्यावरचा माणूस तुमचा कागद पाहून फाटक उघडेल. चाळीस वर्षे आम्ही गावाला म्हणत आलो, सरकारवर विश्वास ठेवा. विश्वास मागणाऱ्याने तो आधी ठेवायचा असतो, हे त्या दिवशी एका पुस्तकाइतक्या साध्या रीतीने घडले.

सत्तर पानांचा पुडा

आज जिल्ह्यातल्या हजाराहून अधिक गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत. १९९६ चा पेसा कायदा आणि २०१४ चे महाराष्ट्राचे नियम यांनीही ग्रामसभेला बळ दिले. त्याचा रोजचा अर्थ पाहायचा असेल तर मे महिन्यात एखाद्या तेंदू फळीवर, म्हणजे पाने गोळा होतात त्या जागी, जावे.

पहाटे तीनला बाया कंदील घेऊन जंगलात जातात. दुपारी ओसरीवर बसून पुडे बांधतात. एका पुड्यात सत्तर पाने, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. संध्याकाळी फळीवर पुडे मोजले जातात. पूर्वी मोजणारा मुन्शी ठेकेदाराचा असे. पान लहान आहे, फाटले आहे म्हणून शंभरात पाच-दहा पुडे असेच बाजूला काढले जात, आणि त्यांचे पैसे कुणाला मिळत ते विचारायची सोय नव्हती. आता कित्येक गावांत लिलाव ग्रामसभा करते आणि फळीवर वही घेऊन गावातलाच बारावी झालेला मुलगा बसतो. हंगामानंतर तो हिशेब सभेत मोठ्याने वाचतो: गोण्या किती, भाव किती, मजुरी किती, बोनस किती, ग्रामसभेच्या खात्यात शिल्लक किती.

सगळीकडे छान चालले आहे असे मी म्हणणार नाही. एखाद्या वर्षी भाव पडतो, एखादा ठेकेदार पैसे थकवून निघून जातो. कुठे सभेचा अध्यक्षच हिशेब दाबतो. पण तेव्हा लोक त्याला सभेत उभे करून विचारतात. सरकार विश्वासार्ह होते ते चूक न केल्याने होत नाही, चूक झाली तर जाब विचारता येतो म्हणून होते. हे आधी गाव स्वतःच्या सभेत शिकले, आणि मग लोक तहसीलला येऊन आम्हाला विचारू लागले.

खिडकी आणि बस

पोलिसांनीही बरेच बदल केले आहेत, हे मान्य करायला हवे. अलीकडच्या वर्षांत दुर्गम पोलिस ठाण्यांत 'पोलिस दादालोरा खिडकी' सुरू झाली. जातीचा दाखला, योजनेचा अर्ज, प्रशिक्षणाची माहिती तिथे मिळते. नोव्हेंबर २०२३ मध्ये वांगेतुरीला चोवीस तासांत पोलिस ठाणे उभे राहिले. १ जानेवारी २०२५ रोजी त्याच भागात, गर्देवाडा-वांगेतुरी रस्त्यावर, एसटी सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर तिथे धावलेली ती पहिली बस.

एका गावी मी त्या बसबद्दल विचारले. एक आजी म्हणाली, "बाजाराचा दिवस वाचतो." तिला तीस किलोमीटर चालायचे असे, जाताना एक दिवस, येताना एक. तो वाचलेला दिवस तिच्यासाठी सरकार होता. आणि ही बस पावसाळ्यात, डिझेल महागल्यावर, एखादा मोठा पाहुणा येणार नसतानाही वेळेवर आली, तरच तो विश्वास टिकेल.

खिडकीबद्दलही एक म्हणणे आहे. पूर्वी ठाण्यात गेलेला माणूस खबऱ्या ठरून मरू शकत होता. आज माय-बाप मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी तिथे रांग लावतात, म्हणजे भीती नक्कीच कमी झाली. पण दाखला देणे हे खरे तर माझ्या खात्याचे काम होते. वाळूच्या पोत्यांमागून, काटेरी तारेआडून मिळणारा दाखला ही मधल्या काळाची सोय आहे. तो दाखला एके दिवशी तलाठ्याच्या उघड्या ओसरीवर, बंदूक न दिसता मिळाला पाहिजे.

'नाही' लिहिण्याची जागा

खरी परीक्षा पुढे आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे, आणि त्याच डोंगरात ठाकूरदेवही आहे. २०१६ च्या डिसेंबरात माओवाद्यांनी तिथली कित्येक वाहने जाळली. आता उत्खनन जोरात आहे. काही तरुणांना रोजगार मिळाला, आणि त्यांना तो हवा आहे. आणि नव्या खाणी नकोत म्हणून त्याच तालुक्यात तोडगट्ट्याला २०२३ मध्ये अडीचशेहून अधिक दिवस लोक ठिय्या देऊन बसले होते. नोव्हेंबरात तो ठिय्या उठवला गेला.

खाण असावी की नसावी, हे मी तलाठी म्हणून ठरवू शकत नाही. पण मला एक ठाऊक आहे. ग्रामसभेच्या वहीत 'होय' लिहिले की तो ठराव, आणि 'नाही' लिहिले की कुणाच्या तरी भडकावण्याचा परिणाम, असे आपण वागलो, तर मेंढ्यात दिलेले पुस्तक आपण परत काढून घेतले असे होईल. जंगलात आता दादालोक उरत नाहीत. त्यामुळे यापुढे नकार देणाऱ्या गावामागे दुसरे कुणी आहे असे म्हणायची सोयही उरणार नाही. नकार गावाचाच असेल, आणि तो ऐकावा लागेल.

आणखी एक काम कुणाच्याच खात्यात नाही. शरण आलेल्याला पुनर्वसनाचे पैसे मिळतात, ते मिळायलाच हवेत. पण ज्याचा भाऊ खबऱ्या म्हणून मारला गेला, तोही त्याच बाजारात येतो. अशा एका मृताच्या वारसांचा फेरफार मी केला होता. सातबारा हाती द्यायला घरी गेलो, तर धाकटा भाऊ म्हणाला, "साहेब, यात तो कसा मेला ते लिहिलंय का?" त्या रकान्यात ते लिहायची सोय नव्हती. आजही नाही. कोण कसे गेले, कुणाचा दोष होता, कोण निर्दोष तुरुंगात राहिला, हे गावाच्या सभेत, सरकारच्या माणसासमोर मोठ्याने सांगितले जावे आणि लिहून घेतले जावे, असे मला फार वाटते. जमिनीसाठी वृद्धाचा शब्द पुरावा ठरला, तसा मरणासाठीही ठरावा.

ट्रंक

मागच्या हिवाळ्यात मी त्या विधवा बाईच्या गावी गेलो. रस्ता झाला आहे. मोटरसायकल थेट अंगणात गेली, आणि कुणी पळाले नाही. अपिलात तिचे पुरे क्षेत्र मंजूर झाले. धानाचे पुंजणे रचलेले होते. तिने चहा केला, आणि मी विचारले म्हणून ट्रंक उघडली.

पट्टा लॅमिनेशन करून ठेवलेला. त्याच्या खाली तीच प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीत १९९४ ची दंडाची पावती.

मी म्हटले, "माय, आता हिचं काय काम? पट्टा मिळाला ना?"

तिने दोन्ही कागद हातात धरून पाहिले. म्हणाली, "पटवारी, हा बी तुमचाच कागद, तो बी तुमचाच. मी दोन्ही ठेवते." आणि पट्टा वर, पावती खाली, अशा क्रमाने तिने ते पुन्हा ट्रंकेत ठेवून दिले.